मालक गायब, पगार थकलेला आणि जिनिव्हातला करार

२० मे २००८ या दिवशी बाल्टिक ड्राय इंडेक्स ११,७९३ वर होता. त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो ६६३ वर आला. कोळसा, लोहखनिज, धान्य असा सुटा माल वाहून नेणाऱ्या जहाजांना काय भाडं मिळतंय ते या आकड्यावरून कळतं. टीव्हीवर शेअर बाजाराच्या आकड्याचं जेवढं कौतुक होतं तेवढं याचं होत नाही, पण अशा जहाजावर, म्हणजे बल्क कॅरियरवर, नोकरी करणारा माणूस त्यात स्वतःचं भविष्य वाचतो. उन्हाळ्यात दिवसाला दोन लाख डॉलरच्या वर कमावणारी मोठी जहाजं डिसेंबरात अडीच हजार डॉलरलाही महाग झाली होती. एवढ्यात इंधन आणि खलाशांचा पगार भागत नाही.

असं का झालं ते मला बऱ्याच उशिरा नीट समजलं. १५ सप्टेंबरला लीमन ब्रदर्स बुडाली आणि बँकांचा एकमेकींवरचा विश्वास उडाला. एका बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे मालाचे पैसे मिळतील अशी लेखी हमी, दुसरी बँक घेईना. माल तयार, घेणारा तयार, बोट तयार, आणि कागद नाही म्हणून सगळं अडलेलं.

त्या हिवाळ्यात मी एका मध्यम आकाराच्या बल्क कॅरियरवर थर्ड इंजिनीअर होतो. झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी, एका देशाची, मालकाची कंपनी दुसऱ्या देशातली, बोट सांभाळणारी मॅनेजमेंट कंपनी तिसऱ्या, आम्ही चार देशांतले खलाशी, आणि नांगर टाकलेला तो यांपैकी कुणाशीच घेणंदेणं नसलेल्या एका बंदराबाहेर. नावं घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. आधी पगार ‘पुढच्या आठवड्यात’ होता, मग ‘बँकेत अडकलाय’ आणि मग ऑफिसचा फोन कुणी उचलेना. बंदरातल्या एजंटाचं स्वतःचं बिल थकलं, तसा त्यानेही किनाऱ्यावरून ये-जा करणारी लाँच पाठवणं बंद केलं.

जहाजावर न राहिलेल्यांना एक गोष्ट माहीत नसते. फ्रेश वॉटर जनरेटर मेन इंजिनाच्या उष्णतेवर चालतो. मेन इंजिन बंद म्हणजे समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी होणं बंद. मग बार्जने पाणी विकत आणायचं, आणि विकत आणायला पैसे हवेत. डिझेल वाचवायला आम्ही विजेचा जनरेटर रोज ठरावीक तासच चालवायचो. उरलेल्या वेळात फ्रीझरमधल्या मांसाची काळजी कुक करायचा आणि बिल्जच्या, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्याची आम्ही.

‘मग उतरून घरी का नाही आलात?’ हे मला आजही विचारतात. जहाजावर किमान किती माणसं असलीच पाहिजेत याचा नियम असतो. सगळे उतरले तर ते लोखंडाचं धूड कुणाच्या भरवशावर सोडायचं, म्हणून बंदर परवानगी देत नाही. इमिग्रेशनवाले किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत, तिकिटाला पैसे नाहीत. आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे थकलेला पगार जहाजावर बोजा म्हणून चढतो. जहाज लिलावात निघालं तर बहुतेक देशांत बँकेच्या गहाणाच्याही आधी खलाशाचा नंबर लागतो. म्हणजे आमचा एकमेव तारण ऐवज आमच्या पायाखाली तरंगत होता. तो सोडून जायची छाती कुणाला होणार? शेवटी आयटीएफचा, म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा इन्स्पेक्टर बोटीवर आला, कोर्टात दावा लागला, जहाज जप्त झालं, विकलं गेलं. पगार मिळाला, पण सगळा नाही.

आम्ही असे अडकलेले असताना जगातले मोठे लोक स्वस्थ बसले नव्हते. एप्रिल २००९ मध्ये लंडनला जी-२० देशांची बैठक झाली आणि १.१ लाख कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर झाला. त्यातला मोठा भाग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची तिजोरी भरायला होता. जूनमध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, आयएलओची वार्षिक परिषद भरली. ब्राझीलचे लुला आले, फ्रान्सचे सार्कोझी आले, आणि १९ जून २००९ ला ‘ग्लोबल जॉब्ज पॅक्ट’ मंजूर झाला.

हा पॅक्ट मी नंतर सावकाशीने वाचला, एकदा नव्हे. वाईट कागद नाही तो. माणसं काढून टाकण्यापेक्षा कामाचे तास वाटून घ्या. पगार कापण्याची शर्यत लावू नका, कारण प्रत्येकाने कापला तर सगळ्यांचाच माल पडून राहील. बेकारांना, म्हाताऱ्यांना, मुलांना निदान एक किमान आधार द्या. परदेशातून आलेल्या कामगारांना वाऱ्यावर सोडू नका. मंदीचं निमित्त करून दारं बंद करू नका. सरकारं, मालक आणि कामगार असे तिघेही एका खोलीत बसून यावर सही करतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. आयएलओत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात, दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. १९१९ पासून ही पद्धत चालत आली आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) बुडाला, ही तगली.

पण पॅक्ट बंधनकारक नव्हता. कुठल्याही देशाने तो पाळला नाही म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं.

यावर कुणी लगेच म्हणेल की मग अशा कागदांचा उपयोगच काय. माझं मत तसं नाही. १९३० मध्ये असा कागदही नव्हता. त्या जूनमध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायदा करून आयातीवरचे कर वाढवले, बाकीच्यांनी उट्टं काढलं, आणि १९२९ ते १९३३ मध्ये जागतिक व्यापाराची किंमत साधारण एक तृतीयांशावर आली. १९३३ च्या उन्हाळ्यात साठाहून जास्त देश मंदीवर तोडगा काढायला लंडनमध्ये जमले, तर अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टनी तार पाठवून त्या परिषदेतली हवाच काढून घेतली. तेव्हा अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. १९३५ मध्ये आयएलओने चाळीस तासांच्या आठवड्याचा करार केला, म्हणजे आहे ते काम जास्त हातांत वाटलं जाईल. कल्पना सरळ होती, पण सह्या करायला फारसं कुणी पुढे आलं नाही. एकट्याने तास कमी केले तर शेजारी स्वस्तात माल विकेल ही भीती प्रत्येकाला, आणि ती खोटीही नव्हती. २००९ मध्ये तसं करयुद्ध पेटलं नाही, याचं थोडं श्रेय या बैठकांना द्यायला मी तयार आहे.

दहा मे १९४४ चा आयएलओचा फिलाडेल्फिया जाहीरनामा त्या जुन्या मंदीनंतरचा. श्रम ही विकायची वस्तू नाही आणि एका ठिकाणची गरिबी सगळीकडच्या समृद्धीला धोका आहे, असं त्यात म्हटलं. दोनच महिन्यांनी अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला नाणेनिधीची घटना तयार झाली. तिच्या पहिल्याच कलमात, संस्थेच्या उद्देशांमध्ये, रोजगार आणि खरं उत्पन्न वरच्या पातळीवर राखण्याचा उल्लेख आहे. हे कलम वाचून मग ग्रीसची गोष्ट वाचावी. २०१२ मध्ये नाणेनिधी आणि युरोपच्या कर्जाच्या अटींखाली तिथलं किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं, पंचविशीच्या आतल्यांचं ३२ टक्क्यांनी. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या पुढे गेली. त्याच वर्षी नाणेनिधीच्या ऑलिव्हिए ब्लँचर्ड आणि डॅनियल ली या अर्थतज्ज्ञांनी लिहिलं की खर्चकपातीने अर्थव्यवस्था किती आक्रसेल याचे अंदाज कमी धरले गेले होते.

जिनिव्हाला आयएलओत कामगारमंत्री जातो आणि वॉशिंग्टनला नाणेनिधीत अर्थमंत्री. दोघे एकाच मंत्रिमंडळातले. एक जण पगार कापू नका म्हणणाऱ्या कागदावर हात वर करतो, दुसरा पगार कापण्याच्या अटीवर सही करतो. यात कुणी खोटं बोलतं असंही नाही, दोघे फक्त वेगळ्या खोल्यांत बसलेले असतात. पैसे कुठल्या खोलीत असतात ते सांगायला नको.

याउलट जर्मनीकडे पाहा. २००९ मध्ये त्यांचं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घसरलं, आणि बेकारी जेमतेम हलली. त्याचं मोठं कारण कुर्झआर्बाइट. कंपनीकडे काम कमी असेल तर माणूस काढायचा नाही, त्याचे तास कमी करायचे. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मुलंबाळं असतील तर ६७ टक्के रक्कम बेकारी विम्याच्या फंडातून. त्या वसंतात चौदा-पंधरा लाख लोक अशा कमी तासांवर होते. आमच्या इंजिनरूमच्या हिशेबाने पाहिलं तर मेन इंजिन थंड पडू द्यायचं नाही, इंजिनाभोवती फिरणारं जॅकेट वॉटर तापवून ठेवायचं, म्हणजे ऑर्डर आली की तासाभरात निघता येतं. ज्यांनी माणसं काढली त्यांना पुढे नवी माणसं शोधून शिकवायला वर्षं गेली.

कुर्झआर्बाइटचं कौतुक करणारे लेख ढिगाने आहेत, पण एक गोष्ट त्यांत घाईने उरकलेली दिसते. हा कायदा मंदीत केलेला नव्हता. त्याची मुळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहेत. फंड होता, वर्गणी आधीपासून जात होती, ऑफिसं होती, फॉर्म छापलेले होते. २००९ मध्ये मुदत वाढवली आणि अटी सैल केल्या, एवढंच. दक्षिण कोरियाची १९९७ ची गोष्ट शेजारी ठेवली की हे जास्त दिसतं. डिसेंबरात नाणेनिधीचं कर्ज घ्यायची पाळी आली, फेब्रुवारी १९९८ मध्ये मालक-कामगार-सरकार यांचा त्रिपक्षीय समझोता झाला, त्यात कामगार संघटनांनी कामगारकपात कायदेशीर करायला मान्यता दिली. बेकारी दोन-तीन टक्क्यांवरून वर्षभरात सातच्या आसपास गेली. त्यांच्याकडे रोजगार विमा होता, पण १९९५ मध्येच सुरू झालेला आणि सुरुवातीला तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरता. तो सगळ्यांपर्यंत न्यायला ऑक्टोबर १९९८ उजाडला. थायलंडमध्ये, जिथून ते संकट सुरू झालं, बेकारी भत्ता यायला २००४ साल लागलं. वादळ आल्यावर लाइफबोट बांधायला घेतली तर ती पुढच्या वादळाला उपयोगी पडते, या वादळाला नाही.

आता पुन्हा समुद्रावर येतो, कारण मला खरं सांगायचंय ते तिथलं आहे.

आम्ही अडकलो तेव्हा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, बोलीत एमएलसी, कागदावर तयार होतं. २३ फेब्रुवारी २००६ ला जिनिव्हात ते मंजूर झालं तेव्हा विरोधात एकही मत पडलं नाही. आयएलओचे ३७ जुने सागरी करार त्यात एकत्र केले होते. पण किमान तीस देश आणि जगातल्या एकूण टनेजचा, म्हणजे जहाजांच्या एकूण आकारमानाचा, ३३ टक्के भाग आल्याशिवाय ते लागू होणार नव्हतं. लागू झालं २० ऑगस्ट २०१३ ला. म्हणजे २००८ ची मंदी आली आणि गेली, तोवर ते दाराशीच उभं होतं.

एमएलसीची खरी करामत एका छोट्या कलमात आहे. ज्या देशाने या करारावर सही केलेली नाही त्याच्या जहाजाला सही केलेल्या देशांच्या बंदरात जास्त सवलतीची वागणूक मिळणार नाही. बस. मालकाने सोयीचा झेंडा शोधून करारातून सुटायची वाट बंद. बंदरातला पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे परदेशी जहाजं तपासणारा तिथल्या सरकारचा, अधिकारी बोटीवर येतो, पगाराची नोंद पाहतो, विश्रांतीचे तास पाहतो, गॅली, म्हणजे स्वयंपाकघर, आणि केबिन पाहतो, आणि गंभीर गडबड असेल तर जहाज अडवून ठेवतो. जहाज अडलं की प्रत्येक दिवसाचं नुकसान मालकाचं. १९३५ मधली ती भीती, की आपण नियम पाळू आणि शेजारी स्वस्तात धंदा मारेल, ती इथे बंदरातच निकाली निघते.

२०१४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि जानेवारी २०१७ पासून ती लागू आहे. परदेशी फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांकडे आर्थिक हमीचं सर्टिफिकेट हवं, आणि ते खलाशांना दिसेल अशा जागी लावलेलं हवं. मालकाने वाऱ्यावर सोडलं तर घरी जायचा खर्च, तोवरचं अन्न, पाणी, इंधन, औषधपाणी आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विमा देणारा देतो. दोन महिने पगार दिला नाही तरी वाऱ्यावर सोडल्यासारखंच मानायची तरतूद त्यात आहे. घरी पाठवण्याच्या खर्चासाठी खलाशाकडून आधी पैसे कापून घ्यायला मनाई आहे. बहुतेक सर्टिफिकेटं पी अँड आय क्लब देतात, म्हणजे जहाजमालकांनीच एकत्र येऊन चालवलेल्या विमा संस्था. जगातल्या सुमारे ९० टक्के टनेजचा विमा अशा बारा क्लबांच्या गटाकडे आहे. म्हणजे चांगला मालक आणि पळपुटा मालक दोघांनी संकटाच्या आधीच वर्गणी भरलेली असते.

नंतर एका बोटीच्या मेसरूममध्ये ते सर्टिफिकेट पहिल्यांदा पाहिलं. त्यावर विमा देणाऱ्याचा फोन नंबर होता. तरुण कॅडेट त्याच्याकडे ढुंकून पाहत नव्हते, आणि पाहायची वेळ न येणं हेच बरं.

यामुळे सगळं आलबेल झालंय असं समजू नका. आयटीएफच्या नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये तीनशेहून जास्त बोटींवर तीन हजारांहून अधिक खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले. त्यांतल्या काही बोटींचा विमा संपलेला, नाहीतर झेंडाच बनावट. आणि २०२० मध्ये तर सह्या करणाऱ्या सरकारांनीच करार धाब्यावर बसवला. बंदरं बंद, विमानं बंद. एमएलसीप्रमाणे एका वेळी बारा महिन्यांच्या आतच बोटीवर ठेवता येतं, पण वर्षाअखेरीस सुमारे चार लाख खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही समुद्रावर होते, काही दीड-दीड वर्ष. जगाचं अन्न आणि औषधं आणायला आम्ही हवे होतो, बंदरात उतरवून घ्यायला नको होतो. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने खलाशांना अत्यावश्यक कामगार माना असा ठराव केला, आणि आयएलओच्या तज्ज्ञ समितीने सरकारांनी कराराचा भंग केल्याचं स्पष्ट लिहिलं. लिहिलं एवढंच. बंदर जहाज अडवू शकतं, सरकारला कोण अडवणार?

तरीही, करार मोडला असं म्हणायला आधी करार लागतो. त्याच महिन्यांत कपडे शिवणाऱ्यांचं काय झालं ते पाहा. मोठ्या ब्रँडांनी तयार झालेल्या मालाच्याही ऑर्डरी रद्द केल्या, बांगलादेशातले कारखाने बंद पडले. एप्रिल २०२० मध्ये आयएलओच्या पुढाकाराने मालक आणि कामगार संघटनांनी एक आवाहन काढलं. युरोपीय संघ आणि जर्मनीने मिळून बांगलादेशातल्या कामगारांच्या मदतीसाठी ११ कोटी ३० लाख युरो दिले. तीन महिने, महिना तीन हजार टका, अशी ती मदत. पण ती कुणाच्या खात्यात टाकायची याची यादीच कुठे धड तयार नव्हती. त्याच युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांसाठी नोकऱ्या टिकवायला ‘शुअर’ नावाची १०० अब्ज युरोची कर्जयोजना काढली, आणि २०२० मध्ये तिच्यातून तीन कोटींहून जास्त लोकांना टेकू मिळाला, कारण पैसे ओतायला कुर्झआर्बाइटच्या धर्तीचे नळ बहुतेक देशांत होते किंवा चटकन बसवता आले. त्या वर्षी जगभरात बुडालेले कामाचे तास साडेपंचवीस कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके होते, असा आयएलओचा हिशेब आहे. आणि आजही जगातल्या बेकारांपैकी सहात एकाच्याच हातात बेकारी भत्ता पडतो.

आमच्या त्या अडकलेल्या बोटीवरचे चीफ इंजिनीअर आता निवृत्त आहेत. फोनवर यावरून आमची खडाजंगी होते. मी म्हणतो, जहाजाला जसं सर्टिफिकेट लागतं तसं शर्टांच्या कंटेनरलाही लागू दे. हा माल शिवणाऱ्यांच्या चार महिन्यांच्या पगाराची हमी भरलेली आहे असा कागद नसेल तर कंटेनर बंदरात थांबेल. चीफ म्हणतात, श्रीमंत देश याचा उपयोग गरिबांचा माल अडवायला करतील. हा आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे. १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांनी नेमकं हेच लिहून ठेवलं की कामगार-नियमांचा वापर संरक्षणवादासाठी करायचा नाही, आणि विषय आयएलओकडे ढकलला.

पण कंटेनर आजही अडवले जातात. सक्तीच्या मजुरीतून बनलेला माल अमेरिकेत आणायला बंदी आहे, आणि ते कलम, ३०७, गंमत म्हणजे त्याच १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यातलं आहे. युरोपचा तसा कायदा डिसेंबर २०२७ पासून लागू होतोय. म्हणजे बंदरात कागद तपासायचं काम होऊ शकतं. कुठला कागद तपासायचा एवढंच ठरायचंय, आणि एमएलसीसारखं ते तिघांनी एकत्र बसून ठरवलं तर एका देशाच्या मर्जीवर राहणार नाही.

‘आणि प्रीमियम कोण भरणार?’ चीफ विचारतात. खरेदीदार, मी म्हणतो. ‘तो शिवणाऱ्याच्या दरातून कापेल.’ मग तसं कापायला मनाई करणारं कलम घाला, बोटीवर घातलं तसं. ‘बोटी लाखभर, कारखाने किती असतील?’ याचं उत्तर माझ्याकडे अजून धड नाही. खरेदीदार ब्रँड मात्र मोजके आहेत, तेव्हा हमी त्यांच्याकडून घ्यावी असं सध्या माझं म्हणणं आहे. चीफना ते पटलेलं नाही.